कॅराव्हॅनची बॅटरी आणि फ्यूज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅराव्हॅनमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करते, दुसरी मागच्या घराचे दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि छोटा फ्रिज चालवते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मात्र अशी गाडी सुरत-धुळे महामार्गावर चिंचपाड्याच्या आसपास अडली, तर हाताशी असतो तो ट्रक-ट्रॅक्टरची कामे करणारा इलेक्ट्रिशियन. त्याच्या रोजच्या गाड्यांत मागे वेगळे घर आणि त्याची वेगळी बॅटरी नसते. गाडी व्यवस्थित सुरू होते म्हणून घराची बॅटरीही भरलेलीच असणार, हा पहिला गैरसमज इथेच होतो. दोघींना जोडणारा रिले बिघडला, तर गाडी दिवसभर पळूनही मागची बॅटरी उतरलेलीच राहते. इंजिन चालू असताना तिच्या टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १२.३ वरच काटा अडला, तर डायनॅमोची वीज तिथवर पोचत नाही.

सर्वात महागात पडणारा समज म्हणजे ‘मीटर बारा दाखवतो, मग वायरिंग ठीक आहे’. मीटर स्वतः जवळजवळ विद्युतप्रवाह घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. जोडाचा रोध ०.१ ओहम धरला, तर १० अँपिअरच्या लोडवर १ व्होल्ट गळतो. ५०० वॉटचा इन्व्हर्टर ४० अँपिअरहून अधिक ओढतो. तेव्हा गळती ४ व्होल्टच्या वर जाते आणि तो बंद पडतो. म्हणून पंप किंवा इन्व्हर्टर चालू ठेवून मोजावे : आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, मग फ्यूज पॅनेलवर, शेवटी उपकरणापाशी. जिथे आकडा एकदम पडतो, तिथे दोष. नवापूर तालुक्यातल्या पावसाळी दमट हवेत तो पुष्कळदा चॅसिसच्या अर्थिंगमध्ये सापडतो. बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडल्यावर ‘गेलेली’ बॅटरी परत चालू लागते. नवी बॅटरी घेण्याआधी पॉलिश पेपर वापरून पाहणे केव्हाही स्वस्त.

फ्यूज उपकरणासाठी असतो, हाही तितकाच रुजलेला समज. तो असतो वायरसाठी. १० अँपिअरचा लाल फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी ३० चा हिरवा बसवला किंवा चांदी कागद गुंडाळला, तर जास्तीचा प्रवाह बारीक वायरला तापवतो आणि आवरण वितळते. त्याच कारणाने मुख्य फ्यूज बॅटरीजवळ हवा. पॅनेलपाशी लावल्यास मधली वायर उघडीच राहते. व्होल्ट कमी म्हणून वायर बारीक चालते, हे तर अगदी उलटे आहे. १२० वॉटला २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर लागतो, १२ व्होल्टवर १०.

डायनॅमो तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीची तार काढण्याची युक्ती जुन्या गाड्यांत खपून जाई. आजच्या गाडीत त्या क्षणी उसळणारा व्होल्टेज इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकतो.

बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवल्याने उतरते, असेही म्हणतात. प्लास्टिक पेटीच्या बॅटरीला फरशीने काही होत नाही. उन्हाळ्याने मात्र होते. तापमानातल्या दर १० अंश वाढीमागे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि नंदुरबारचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. झाकण असलेल्या बॅटरीत पाणी कमी झाले, तर फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे, ॲसिड नाही.

१२ व्होल्टचा सहसा शॉक बसत नाही, हे खरे. पण पाना धन टर्मिनल आणि चॅसिस यांमध्ये अडकला, तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो, आणि चार्जिंगच्या वेळी निघालेला हायड्रोजन ठिणगीने पेटतो. म्हणून ऋण तार आधी काढावी, शेवटी जोडावी. ती सुटलेली असेल, तर धन टर्मिनलवरून घसरलेला पाना चॅसिसला टेकला तरी सर्किट पूर्ण होत नाही.