तिकीट काढून परीक्षक

नाटक संपले की पडदा पडतो आणि परीक्षण सुरू होते. हे परीक्षण कुठे छापून येत नाही. ते नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर सुरू होते, रिक्षाच्या रांगेत रंगात येते आणि घरी पोचल्यावर गरम केलेल्या आमटीबरोबर त्याचा समारोप होतो. तोवर नाटककाराची, दिग्दर्शकाची आणि नायिकेच्या शालूची पुरती तपासणी झालेली असते.

अशा परीक्षकांपैकी मी एक. माझ्यापाशी पास नसतो, राखीव खुर्ची नसते आणि माझे मत मागायला कोणी संपादक दाराशी येत नाही. पूर्वी खिडकीवर उभे राहून प्लॅनवरची खुर्ची निवडत असे, आता ती मोबाईलवर निवडतो, एवढाच काय तो फरक. पैसे मात्र तेव्हाही स्वतःच्या खिशातले होते आणि आजही आहेत. त्यामुळे आम्हा रसिकांचे मत फुकट मिळत असले, तरी ते स्वस्त नसते.

आता कोणी म्हणेल, तुमच्या मताला विचारतो कोण? विचारतात हो! वर्तमानपत्रातले परीक्षण वाचून माणूस नाटकाबद्दल बोलू लागतो. पण शेजारच्या जोशीकाकूंनी ‘आवर्जून बघा’ म्हटले, की तो तिकीट काढतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. नाटक, चित्रपट आणि टीव्हीवरची मालिका ही आपल्या करमणुकीची तीन भावंडे. पण प्रेक्षकाचा शब्द तिघांच्याही कानी सारखा पडत नाही, सारख्या वेळीही पडत नाही. ज्याला प्रेमाने परीक्षण करायचे आहे, त्याने हे ओळखून बोलावे.

नाटकाला कान असतात. हशा कुठे आला, टाळी कुठे चुकली आणि प्रेक्षागृहात खोकल्याची साथ नेमकी कोणत्या प्रवेशात पसरली, हे विंगेतल्या माणसाला त्याच रात्री कळते. पहिल्या प्रयोगात रेंगाळणारा प्रवेश दहाव्या प्रयोगाला सुटसुटीत झालेला मी पाहिला आहे. नाटकाला सावरायला सवड मिळते, आणि वेळेवर मिळालेली दाद त्याला तारूनही नेते. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले. कोकणातल्या एका गावची हौशी मंडळी द्रौपदीच्या वस्त्रहरणाचे नाटक बसवतात आणि त्या नाटकाचेच वस्त्रहरण होते, असा सगळा मामला. भाषा अस्सल मालवणी. सुरुवातीला प्रतिसाद बेताचाच होता. मग पु. ल. देशपांड्यांनी प्रयोग पाहिला आणि मनापासून कौतुकाचे पत्र लिहिले. त्या पत्राने नाटकाचे नशीब फिरले. मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच घरोघरी पोचले आणि नाटकाने पाच हजार प्रयोगांचा टप्पा ओलांडला. पुलं थोर साहित्यिक खरेच. पण ते पत्र लिहिताना ते खुर्चीत बसून हसलेले एक प्रेक्षकच होते. आवडले, तर ते वेळेवर आणि मोठ्याने सांगावे, हा धडा मी त्यावरून घेतला.

चित्रपटाचे तसे नाही. तो एकदा पुरा झाला की आपल्या नाराजीने त्यातला एक तुकडाही हलत नाही. शिवाय त्याच्यापाशी वेळ फार थोडा. शुक्रवारी लागलेल्या मराठी चित्रपटाचे भवितव्य पुष्कळदा सोमवारी ठरून जाते. आपण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याचा एकच खेळ उरतो, तोही नोकरदार माणसाला न जमणाऱ्या वेळी. मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावेत, असे २०१५ साली शासनाला सांगावे लागले, यातच सारे आले. पण शासन फार तर खेळ मिळवून देईल. खुर्च्या कोण भरणार? त्या कशा भरतात हे २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ने दाखवले. बायकांचे घोळकेच्या घोळके नटूनथटून, डोळ्यांवर गॉगल चढवून चित्रपटगृहात गेले. एक भिशी बघून आली, तिने दुसरीला सांगितले. एक बहीण बघून आली, तिने नणंदेला धाडले. एवढी जाहिरात कोणत्या निर्मात्याला विकत परवडली असती? म्हणून चित्रपटाच्या बाबतीत माझा नियम असा: बघायचा तर पहिल्या तीन दिवसांत, आणि आवडला तर त्याच रात्री चार घरी सांगायचे.

मालिकेची कथा तिसरीच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने, आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन बसले. त्या काळी पाहुणे यायचे आणि वेळेवर उठायचे. १९९९ साली ‘आल्फा मराठी’ आली, मागोमाग इतर वाहिन्या आल्या आणि पाहुणे मुक्कामालाच राहू लागले. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. म्हणजे नावातले चार दिवस अकरा वर्षे पुरले!

मालिका आपण बघत असतो तेव्हाच ती लिहिली जात असते. त्या अर्थी प्रेक्षकाचा शब्द तिथे सर्वांत आधी पोचायला हवा. पण पोचतो तो शब्द नसतो, आकडा असतो. निवडक घरांतल्या यंत्रांवरून दर आठवड्याला हा आकडा निघतो. संच कोणत्या वाहिनीवर लागला आहे ते यंत्राला कळते. समोर बसलेली गृहिणी मेथी निवडता निवडता त्याच नायिकेच्या नावाने बोटे मोडते आहे, हे त्याला कसे कळावे? नावे ठेवत रोज बघणारा प्रेक्षक हा आकड्याच्या दृष्टीने आवडीने बघणाराच असतो. तेव्हा मालिकेचे प्रामाणिक परीक्षण एकाच प्रकारे करता येते: ती बंद करून. आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा पहिले दोन दिवस सुतकी शांतता होती. तिसऱ्या दिवशी जेवताना माणसे एकमेकांशी बोलू लागली.

परंतु रसिकाची खरी कसोटी लागते ती आपल्या माणसांच्या नाटकाला. आमच्या कॉलनीतल्या मुलांनी स्पर्धेसाठी एक एकांकिका बसवली आणि रंगीत तालमीला सर्वांना बोलावले. खेळ संपताच ‘छान’, ‘मस्त’, ‘अगदी व्यावसायिक’ असा वर्षाव सुरू झाला. दिग्दर्शक मुलगा माझ्यापाशी आला.

“काका, खरं सांगा हं.”

“अरे, निम्मी एकांकिका फारच उत्तम. पण शेवटी तो नायक जे लांबलचक भाषण ठोकतो ना, ते आम्हाला आधीच कळलेलं असतं. मग पुन्हा कशाला सांगता?”

मुलाचा चेहरा उतरला. त्याच्या आईने आमच्या हिच्याशी आठ दिवस अबोला धरला. ही म्हणाली, “छान म्हणायला काय पैसे पडत होते तुम्हाला?” स्पर्धेच्या दिवशी पाहतो तो भाषण चार वाक्यांवर आले होते. बक्षीस काही मिळाले नाही. पण शेवटच्या क्षणी जी टाळी पडली, ती वाजवणारांत आमच्या कॉलनीबाहेरचे लोक होते. आईबापांची टाळी सर्वांनाच मिळते. परक्याची टाळी मिळाली, की मुले नट होतात.

पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून महाविद्यालयीन मुलांसाठी भरते. २०२२ साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी करंडक कोणालाच न देण्याचा निर्णय दिला. केवढा वाद झाला! महिनोन्‌महिने राबलेल्या मुलांचे मन मोडले, असे एक पक्ष म्हणाला. करंडकाचा मान राखला, असे दुसरा म्हणाला. मला दोन्ही पटते. मात्र एवढे नक्की, की ज्या करंडकाला कधी ‘नाही’ म्हणता येत नाही, तो मिळाल्याचा आनंद तरी काय? आमच्या ‘छान’चेही तसेच आहे. प्रत्येक नाटकाला वाटले, तर खरोखर छान नाटक येईल तेव्हा त्याच्यासाठी शब्द कुठून आणायचा?

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या पहिल्या प्रयोगाचा दिवस, ५ नोव्हेंबर, आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो, आणि तो दिवाळीच्याच आगेमागे येतो. तेव्हा वाचकहो, यंदा घरच्या मंडळींना घेऊन एखाद्या नाटकाला जा. तिकीट काढून जा. आणि परतताना जे वाटले ते मोकळेपणी बोला. शक्य झाले तर आत जाऊन नटांनाही सांगा. फराळाला गेल्यावर वहिनींच्या चकल्या मऊ पडल्या असल्या, तरी ‘छान झाल्यात’ म्हणायला हरकत नाही. त्या आता पुढच्या दिवाळीलाच व्हायच्या. नाटकाचा पुढचा प्रयोग मात्र येत्या शनिवारी आहे.