श्रावण सोमवार आणि चाळीतला रोजा

इस्लामी वर्ष चंद्रावर चालते आणि त्यात अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. माझ्या लहानपणी तो पावसाळ्यात यायचा. १९७८ साली तर रमजान आणि श्रावण दोन-एक दिवसांच्या फरकाने लागले. ईद झाली आणि पाठोपाठ चाळीत गणपती आले.

आमची चाळ मुंबईत भायखळा आणि सात रस्ता यांच्या मधे होती. खेड तालुक्यातून गिरणीत कामाला गेलेल्या आजोबांनी तिथे दहा बाय बाराची खोली घेतली, पुढे अब्बाही त्याच गिरणीत लागले. आपल्या खेड-चिपळूण भागात क्वचितच एखादे घर असेल, ज्याचे कुणी गिरणगावात राहिले नाही. आमच्या मजल्यावर मुसलमानांची घरे चार, बाकी सगळे घाटावरचे नाहीतर कोकणातले हिंदू.

शेजारच्या खोलीत काकूंची खानावळ होती. पहिल्या पाळीचे कामगार सात वाजता गिरणीत हजर लागत, म्हणून त्यांचा स्टोव्ह पहाटेच पेटायचा. रमजानात सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाला, अम्मी उठायची तेव्हा अख्ख्या मजल्यावर दोनच खोल्यांत उजेड असे. एकीकडे भाकऱ्या थापल्याचा आवाज, दुसरीकडेही तोच.

काकू श्रावणी सोमवार धरायच्या. दिवसभर उपास आणि संध्याकाळी जेवून सोमवार सोडायचा. आम्ही पोरे गॅलरीच्या टोकाला अजान ऐकायला उभी असू. ट्रामचे रूळ गेले होते, पण बसचा आणि हातगाड्यांचा गलका असायचा, त्यात कान देऊन ऐकावे लागे. ऐकू आली की ओरडत घराकडे धावायचे. काकू आतूनच विचारायच्या, "झाली का रे बांग?" आणि आपलेही पान वाढून घ्यायच्या. अम्मी त्यांना खजूर आणि केळी द्यायची, त्या आम्हाला वालाचे बिरडे. आमच्याकडे गोश्त शिजले असेल त्या दिवशी मात्र देणेघेणे फळांपुरतेच राही. त्याबद्दल कुणी बोलत नसे आणि कुणाला वाईटही वाटत नसे.

अब्बा दुसऱ्या पाळीला असले की रोजा साच्यावरच सुटायचा. सूत तुटू नये म्हणून विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत, खिडक्या बंद. त्या उकाड्यात तहान किती लागते हे अब्बांनी कधी सांगितले नाही. त्यांच्या खात्यातल्या जोडीदाराकडून कळले. इफ्तारच्या वेळी हाच जोडीदार दहा मिनिटे अब्बांचे साचे सांभाळायचा.

हे सगळे गोड होते, पण पुरते खरे सांगायचे तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्या उष्ट्याच्या कारणाने दलित कामगारांना विणकाम खात्यात वर्षानुवर्षे येऊ दिले नाही. रोजा सोडणारा आणि सोमवार सोडणारा एकमेकांना चालत होते. पलीकडच्या चाळीतला दलित मात्र दोघांनाही चालत नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. त्या वर्षी रमजान जूनच्या अखेरीस लागला, म्हणजे पगार बंद होऊन पाच महिने झाले होते. अब्बा लावणीला गावी गेले, तिथे निदान तांदूळ होता. वाण्याने उधारी बंद केली. ईदच्या नमाजाआधी ऐपत असलेल्या प्रत्येक घराने गरजूंना फित्रा द्यायचा असतो. दादी तो दरवर्षी न चुकता मोजून द्यायची. त्या वर्षी एका नातेवाइकाने फित्र्याचे पैसे आमच्याच घरी आणून दिले. दादीने ते घेतले, कपाटावर ठेवले आणि दोन दिवस त्या बाजूला पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच पैशांचे रॉकेल आणि पीठ आले.

काकूंच्या खानावळीचे निम्मे गिऱ्हाईक गावी निघून गेले होते. तरी त्या रोज संध्याकाळी डबा पाठवायच्या, "कालवण उरलंय" म्हणून. खाणारी माणसेच राहिली नव्हती, तेव्हा उरत कुठून होते, हे मला फार उशिरा सुचले.

जानेवारी १९९३ मध्ये आम्ही मुंब्र्याला आलो. मुंबईतल्या पुष्कळ मुसलमान कुटुंबांनी तेव्हा हाच रस्ता धरला. त्या दिवसांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मी एवढेच लिहितो की आम्ही खोलीला कुलूप लावले आणि किल्ली काकूंकडे दिली.

खोली पागडीची. भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडे किरकोळ, पण ते थकले तर हक्क धोक्यात. मालकाचा माणूस कुलूप पाहून "हे आता येत नाहीत" असे लिहून घ्यायला बघत होता. काकू दर महिन्याला आमचे भाडे आपल्या भाड्याबरोबर भरत राहिल्या. सगळे सावरल्यावर आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या चौदा पावत्या अम्मीच्या हातात दिल्या. साऱ्या आजोबांच्या नावाच्या.

चाळ पाडायची ठरली तेव्हा याच पावत्या पुढे आल्या. पात्रतेच्या कागदांत नेमके त्या वर्षांचे पुरावे मागितले होते. आमच्याच मजल्यावरून गेलेल्या आणखी एका घराकडे ते नव्हते. त्यांना खोली मिळाली नाही. कोर्टात अजून चालू आहे.

आता तिथे उंच इमारत आहे. चौदाव्या मजल्यावर आमच्या नावावर तीनशे चौरस फूट. चाळ बरी होती असे म्हणणारे लोक मला भेटतात. बहुतेक पुरुष असतात. अम्मीने नव्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा आधी संडासाचे दार उघडून पाहिले, कडी लावून पाहिली, आणि तिथेच उभी राहून रडली. पन्नास वर्षे ती मजल्याच्या टोकाला रांगेत उभी राहिली होती.

पण गॅलरी नाही. लिफ्टसमोर बंद दारे आहेत, आणि देखभालीचा महिन्याचा खर्च पूर्वीच्या वर्षभराच्या भाड्याच्या कितीतरी पट. तो न परवडल्याने काकूंच्या मुलाने त्यांचे घर विकले आणि सगळे बदलापूरला गेले. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाने कमी ऐकतात.

आमचे घर भाड्याने द्यायचे की धाकट्या भावाने राहायला जायचे, यावर या रमजानात घरात रोज इफ्तारनंतर बोलणे चालू आहे. अम्मीचे म्हणणे, आधी काकूंना विचारा. ईदला शिरकुर्म्याचा डबा घेऊन तिला बदलापूरला न्यायचे आहे. मुंब्र्याहून लाइन एकच आहे, फक्त गुडघ्यांमुळे तिला जिना चढवत नाही, म्हणून रिक्षाचे बघतो आहे.