ठासणीच्या बंदुकीचा जुळणी-संच : नवशिक्यासाठी निवडीचे निकष

प्रस्तावना :
ज्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते, तिला ठासणीची बंदूक म्हणतात. १८५७ च्या उठावाशी जोडली गेलेली एन्फिल्ड रायफल (नमुना १८५३) याच प्रकारची होती. काडतूस दाताने का तोडावे लागे, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. कागदी काडतूस फोडून त्यातील दारू नळीत ओतावयाची व मागून गोळी ठासावयाची, ही क्रिया डोळ्यांसमोर आल्याशिवाय त्याचे उत्तर पटत नाही. अशा अध्यापनासाठी जुळणी-संच हे उपयुक्त साधन ठरू शकते. मात्र संचाची निवड डोळसपणे व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात तिचे निकष मांडले आहेत.

संचाचे स्वरूप व निकष :
अमेरिकेत हा छंद जुना असून तेथील राष्ट्रीय ठासणी-रायफल संघटना १९३३ साली स्थापन झाली. तेथे मिळणाऱ्या संचात नळी, दस्ता, कळ, चाप, गज व धातूचे साज असे सुटे भाग असतात. नवशिक्याने पुढील बाबी पाहाव्यात, असे सामान्यतः मानले जाते.

१) दस्ता : नळी व कळ बसण्याच्या खाचा आधीच कोरलेल्या असाव्यात. नळीच्या टोकापर्यंत जाणारा लांब दस्ता पुढे पातळ होतो व काम करताना तडकतो. म्हणून अर्धा दस्ता सोयीचा.
२) नळी : सरळ, एकसारख्या जाडीची व मागील बूच कारखान्यातच बसविलेली असावी.
३) कळ : ती जुळवूनच आलेली असावी. चकमकीच्या कळीत गारेचा आघात, पोलादाचा कठीणपणा व कानाची जागा या तिन्हींचा मेळ साधावा लागतो. टोपीची कळ त्या मानाने सुलभ असते.
४) साज : पितळी नक्षी व झाकणाच्या पेट्या जितक्या कमी, तितके कोरीव काम कमी.

किंमत हा मात्र फसवा निकष आहे. स्वस्त संचात कानस व पटाशीचे काम पुष्कळदा अधिक उरते. महाग संचात यंत्राने अचूक कोरलेला दस्ता मिळतो आणि नवशिक्याच्या वाट्याला घासणे, रंगविणे व तेल देणे एवढेच राहते.

भारतीय कायद्याची चौकट :
येथे एक मूलभूत फरक ध्यानी घ्यावा लागतो. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने अशा बंदुकांच्या प्रतिकृतींना सामान्यतः पुरातन शस्त्र मानून मोकळीक दिली आहे. भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये अशी सूट नाही. त्यातील अग्निशस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. कलम ५ नुसार निर्मितीस व कलम १० नुसार आयातीस परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे व कमाल आजन्म कारावासाची तरतूद आहे. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. परंतु तो बंदूक बाळगण्याचा परवाना होय, घडविण्याचा नव्हे. तेव्हा केवळ शैक्षणिक हेतूने परदेशी संच मागविणारा प्राध्यापकही गंभीर गुन्ह्यात अडकू शकतो.

महाविद्यालयासाठी योग्य पर्याय :
म्हणून महाविद्यालयीन संचात नळी भरीव लाकडाची असावी, तिला छिद्रच नसावे. मग शिकण्याजोगा भाग उरतो तो कळीचा, आणि तेथे दख्खनची तोडेदार बंदूक सर्वांत सुबोध ठरते. चाप ओढला की जळता तोडा धरणारा घोडा रंजकाच्या वाटीवर झुकतो. यंत्रणेत मोजकेच भाग असतात व ते दस्त्याच्या पोटातच बसतात. भारतीय तोडेदार बंदुकीची नळी बहुधा तारेने किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी दस्त्याला बांधलेली असते. त्यामुळे अवघड सांधकामही टळते. सागवानी फळी, पत्र्याची पट्टी व थोडी तार एवढ्या साहित्यावर स्थानिक सुतार असा संच तयार करू शकेल. छत्रपती संभाजीनगर येथील महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रे मांडलेली आहेत. विद्यार्थ्यांनी आपला नमुना मूळ शस्त्रांच्या बांधणीशी ताडून पाहणे हा उत्तम उपक्रम होईल. काम आरंभण्यापूर्वी प्राचार्यांमार्फत पोलीस आयुक्तालयास लेखी कळविणे श्रेयस्कर.

समारोप :
नवशिक्याला सोपा संच तोच, ज्यातील प्रत्येक भागाचे कार्य त्याला जुळवता जुळवता उमगते. या कसोटीवर परदेशी रायफलीपेक्षा लाकडी नळीची तोडेदार बंदूक अधिक उपयुक्त ठरते. ती बार काढत नाही; पण बार कसा निघत असे, हे मात्र नेमके समजावते.