फोर बाय फोरचे ॲव्हरेज जाते कुठे?

चारही चाकांना ताकद पुरवणारी गाडी साध्या मोटारीपेक्षा जास्त इंधन पिते. त्याची निम्मी कारणे कारखान्यातूनच तिच्यासोबत येतात. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, तिथून पुढच्या चाकांकडे जाणारा जादा शाफ्ट, पुढचा डिफरन्शियल आणि हे सारे पेलणारी जाड पोलादी चासी, असा तिचा पसारा असतो. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास जाते. मारुतीची जिम्नी हलकी म्हणायची, तरी तीही बाराशे किलोंची. शिवाय अंग चौकोनी आणि काच उभी. गाडीचा आकार हवेला किती अडवतो हे सांगणारा ड्रॅगचा अंक आजच्या सेडानमध्ये 0.3 च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. मर्सिडीजच्या जुन्या चौकोनी जी-वॅगनमध्ये तोच 0.54 होता. एवढे ओझे मुळातच असताना मालक टायर बदलतो, टपावर कॅरिअर चढवतो, पोलादी बंपर लावतो आणि मग ॲव्हरेज पडले म्हणून इंजिनावर संशय घेतो. इंजिन बहुतेक वेळा निर्दोष असते.

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा कसा निघतो, हे आधी पाहायला हवे. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडीची चाके रोलरवर फिरवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-कमी करत इंधन मोजतात. या भारतीय चाचणीत वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. मॅन्युअल जिम्नीचा लिटरला 16.94 किलोमीटर हा जाहीर आकडा अशाच चाचणीतला आहे. तो कारखान्यातून निघाली तशा गाडीचा आहे. टायर आणि टप बदललेल्या गाडीला तो लागू नाही. ताशी 110 ने हाकलेल्या गाडीला तर तो मुळीच लागू नाही.

वेगाचा हिशेब सगळ्यांत निष्ठुर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 120 वर गेले की वेग दीडपट होतो, पण हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ साडेतीन पट. बुटक्या, निमुळत्या मोटारीलाही हाच नियम लागू आहे, पण तिचा मूळ विरोधच थोडा असल्याने खिशाला चटका कमी बसतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 ची मुभा आहे. तिथे नागपूरकडे सुसाट निघालेल्या थारचे ॲव्हरेज ताम्हिणी घाटातून रमतगमत गेलेल्या थारपेक्षा कमी भरले, तर त्यात नवल नाही. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन वर्षानुवर्षे ताशी 45 ते 55 चा वेग सुचवत आली आहे. महामार्गावर तो कोणी पाळणार नाही, हे उघड आहे. पण 110 ऐवजी 85-90 वर राहणे कोणालाही जमते, आणि चौकोनी गाडीत तेवढ्यानेही टाकीत चांगलाच फरक दिसतो.

टपावरच्या सामानाचा प्रश्नही हवेचाच आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या आकड्यांनुसार टपावरची मोठी, बोथट तोंडाची पेटी शहरात मायलेज 2 ते 8 टक्क्यांनी कमी करते आणि ताशी 105 ते 120 च्या वेगाला ही घट 10 ते 25 टक्क्यांपर्यंत जाते. हे साध्या मोटारीवरचे आकडे; आधीच बोजड असलेल्या गाडीत टक्केवारी थोडी वेगळी येईल, दिशा तीच राहील. इथे वजनापेक्षा आकार जास्त नडतो. रिकामे कॅरिअरही हवा अडवतेच, आणि आपल्याकडे लडाखहून परतलेले कॅरिअर पुढच्या लडाखपर्यंत टपावरच राहते. एलईडी लाइटबारची गंमत अशी की ती खाते ती वीज नगण्य असते. शंभर वॅटच्या दिव्यासाठी तासाला जेमतेम साठेक मिलिलिटर डिझेल लागते. टपाच्या पुढच्या कडेवर उभी राहून ती दिवसाउजेडीही वारा अडवते, तो खर्च मात्र चालूच राहतो.

सर्वांत जास्त गैरसमज टायरबाबत आहेत. जिम्नीला मुळात 195/80 आर 15 मापाचे टायर येतात. त्यांचा व्यास सुमारे 693 मिलिमीटर. हौशी मालक 235/75 आर 15 बसवतात, म्हणजे व्यास 733 च्या वर जातो आणि सुमारे 6 टक्के वाढतो. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर तोडते, ओडोमीटर मात्र फेरेच मोजत असतो. प्रत्यक्षात 500 किलोमीटर झाले तरी तो 472 च दाखवतो. तेवढ्यात 36 लिटर पेट्रोल गेले असेल, तर मालकाच्या वहीत 13.1 चे ॲव्हरेज लिहिले जाते, खरे असते 13.9. पडलेल्या ॲव्हरेजचा एक हिस्सा असा निव्वळ कागदावरचा असतो. उलट बाजूही आहे. पूर्वीसारखाच शंभरावर काटा ठेवला तरी गाडी पूर्वीपेक्षा 6 टक्के जोरात धावते आणि हवेचा विरोध 12 टक्क्यांनी वाढतो.

उरलेला तोटा मात्र खराखुरा. ऑल-टेरेन टायर जाड कडांचे आणि जड असतात. मड-टेरेनमध्ये तर रबराचे मोठे ठोकळे प्रत्येक फेऱ्यात दबतात, वाकतात, तापतात. ती उष्णता म्हणजे टाकीतले इंधनच. रुंद टायर हवाही जास्त कापतो. जड चाक नुसते पुढे न्यायचे नसते, ते फिरवायचेही असते, म्हणून चाकावरचा एक किलो डिकीतल्या एका किलोपेक्षा महाग पडतो. चाक मोठे झाले की गिअरिंगही आपोआप उंच होते. सपाट रस्त्यावर इंजिन कमी फेऱ्यांत चालते, पण जिम्नीसारख्या लहान पेट्रोल इंजिनाला घाटात पुन्हा पुन्हा खालच्या गिअरवर यावे लागते. वर्षातून दोनदा चिखल पाहणाऱ्या गाडीला मड-टेरेन बसवणे हा शुद्ध दिखाऊपणा आहे, आणि त्याचे भाडे रोज भरावे लागते.

पोलादी बंपर, विंच, टपावरचा तंबू, जादा स्टेपनी, पाण्याचे कॅन यांत दीड-दोनशे किलो सहज चढतात. अमेरिकी खात्याच्या अंदाजाप्रमाणे 45 किलोंमागे सुमारे 1 टक्का मायलेज घटते. एकसारख्या वेगात वजन फारसे बोलत नाही. ब्रेक मारला की बोलते. 1,800 किलोंची गाडी ताशी 80 वर असताना तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे 440 किलोज्यूल असते. इंजिन इंधनातली तीसेक टक्के ऊर्जाच कामी आणते हे धरले, तर तेवढा वेग कमावायला साधारण 40 मिलिलिटर डिझेल लागलेले असते. समोर ट्रक दिसत असूनही शेवटपर्यंत रेटून मग करकचून ब्रेक दाबला की ते सारे ब्रेकच्या चकतीत उष्णता होऊन जाते. अशा पंचवीस वेळांत एक लिटर संपतो. या ओझ्याला कायद्याचीही बाजू आहे. बंपरपुढच्या क्रॅश गार्डवर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच बंदीचे आदेश दिले, आणि कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा यातले बरेच ओझे आरटीओच्या दारातही जड जाऊ शकते.

इंजिनातल्या बदलांवर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. महागडा एअर फिल्टर बसवला की मायलेज वाढते, हा दावा इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत टिकत नाही. आत येणारी हवा मोजून इंधन किती सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणकच ठरवतो. पाणी ओलांडण्यासाठी लावलेल्या स्नॉर्केलने इंधनात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. रिमॅपिंगमुळे खालच्या फेऱ्यांत ओढ वाढली, तर शांत चालकाला थोडा फायदा होऊही शकतो. पण वाढलेली ताकद न वापरण्यासाठी पैसे मोजणारा मनुष्य दुर्मीळ.

राहिला चालक. अमेरिकी खात्याच्याच आकड्यांप्रमाणे आक्रमकपणे चालवण्याने महामार्गावर 15 ते 30 टक्के आणि थांबत-चालत वाहतुकीत 10 ते 40 टक्के मायलेज जाते. एकट्या कोणत्याही ॲक्सेसरीला हे सहसा जमत नाही. आपल्याकडची खास सवय म्हणजे इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत हे उलटेच पडते. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिन फिरवतात आणि ईसीयू इंधन जवळपास पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला इंधन द्यावेच लागते. वर ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका. ढाब्यावर एसी चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीत तासाला एक लिटरच्या आसपास जाते, आणि तेवढा वेळ ॲव्हरेज शून्य असते.

फोर व्हीलचा लिव्हरही जागेवर हवा. थार, जिम्नीची व्यवस्था पार्ट-टाइम आहे. 4एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या स्थितीत, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाक घसरून भागतो, कोरड्या डांबरावर तो भागत नाही. ट्रान्समिशनला पीळ बसतो, टायर झिजतात आणि इंधन जाते ते वेगळेच. पाऊस थांबून रस्ता कोरडा झाला की 2एचवर, म्हणजे दोन चाकांवर यायचे, एवढाच नियम.

4एलमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या संथ गिअरिंगमध्ये, दगडधोंड्यांतून चढताना किलोमीटरचा हिशेब सोडून तासांचा धरावा. तिथे लिटरला तीन-चार किलोमीटर पडले म्हणून गाडी बिघडलेली नसते. वाळूत टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली की चाक रुतत नाही आणि इंजिनाचे कष्ट उलट कमी होतात. चूक पुढे होते, ती हवा परत न भरता महामार्गाला लागण्याची. सरासरी एक पीएसआय कमी असल्यास मायलेज सुमारे 0.2 टक्के घटते, म्हणजे 32 ऐवजी 18 वर तीनएक टक्के. टायर तापून फुटण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

कोणता बदल किती महागात पडला हे कळायला मोजणी नीट हवी. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये. एकाच पंपावर, एकाच नोझलने टाकी भरून पुन्हा भरेपर्यंतचे अंतर घ्यावे, जीपीएसशी पडताळावे आणि असे तीन-चार वेळा करावे. पेट्रोल गाडीत टायरला दोष देण्याआधी ई20 चाही, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही विचार करावा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि ई10 साठी जुळवलेल्या चारचाकींत 6 ते 7 टक्के घट होईल असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच दिलेला आहे. लिटरला किती किलोमीटर, ही आपली भाषाही थोडी फसवते. 1,000 किलोमीटरच्या प्रवासात ॲव्हरेज 14 वरून 16 वर नेले तर 9 लिटर वाचतात; 8 वरून 10 वर नेले तर 25. जितकी गाडी खादाड, तितका तिच्या टपावरून उतरवलेल्या कॅरिअरचा फायदा मोठा.