नानीचं पानदान

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मुठीत मावणाऱ्या मिन्याच्या डब्यांची मोठी हौस होती. तांब्याच्या पातळ पत्र्यावर काचेच्या भुकटीचा थर देऊन तो भट्टीत भाजत आणि वर चित्र किंवा प्रेमाचा दोन शब्दांचा मजकूर उमटवत. लंडनलगतच्या बॅटरसीचा कारखाना १७५३ ते १७५६ एवढाच चालला. पण बिल्स्टन गावात हे काम पुढे पुष्कळ वर्षं होत राहिलं. गावोगाव फिरून आलेली माणसं आठवण म्हणून असे डबे घरी आणीत.

त्याच काळात आपला परभणीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातला नावाजलेला डबा म्हणजे बिदरचं पानदान. त्यावर मिना नसतो, चांदी असते. १६ भाग जस्तात एक भाग तांबं मिसळून डबा ओततात. कानशीनं घासून त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात. काळसर झालेल्या अंगावर कारागीर नक्षी कोरतो आणि त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतो. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप देतात. जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते. या कामाला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

आमच्या नानीचं असं पानदान होतं. चुना, काथ, सुपारी, सगळ्यांना आपापला कप्पा. नानी गेली आणि डबा माळ्यावर पडला. एका ईदला घरातल्या कुणीतरी तो पितळेच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासला. काळा रंग गेला, राखाडी पत्रा उरला. मीही तो मोडीत द्यायला नेला. दुकानदारानं तराजूत टाकला आणि जस्ताचा भाव सांगितला. तेवढ्यात झाकणाच्या कडेला चांदीची एक वेल दिसली. नानीचं बोट तिथूनच झाकण उचलायचं. डबा परत आणला.

तेल चोळलं तेव्हा थोडी तकाकी आली, काळेपण मात्र आलं नाही. त्यासाठी कारागिराचाच हात हवा. परळी, उदगीरमार्गे रेल्वेनं बिदर गाठता येतं; मी जाणार आहे.

इंग्रजी डब्यावर आठवण लिहिलेली असे. आपल्या डब्यावर नाव नाही, गाव नाही. म्हणून सांगतो, तुमच्या माळ्यावर असा काळा-करडा डबा असेल तर चिंच, लिंबू लावू नका. मऊ फडक्यानं पुसा, थेंबभर तेल लावा. आणि तो कुणाचा होता, ते घरातल्या पोरांना सांगून ठेवा.