तांबडा वालुकाश्म आणि नापास प्रबंध
लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण आइसलंडच्या लाव्ह्यावर होतो. केंब्रिजच्या यान होस्पर्स या विद्यार्थ्याने तिथले थर तपासले आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पूर्वी अनेकदा उलटं झालं होतं हे दाखवलं. लाव्ह्याची गोष्ट तशी सरळ आहे. तो थंड होताना त्यातली लोहखनिजं त्या वेळच्या क्षेत्राची दिशा पकडतात आणि सोडत नाहीत. आज त्याच केंब्रिजमधल्या दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याने जरा अवघड वाट धरली, ती गाळाच्या खडकांची.

एडवर्ड अर्व्हिंग, सगळ्यांचा टेड. जन्म १९२७चा, लँकेशरमधल्या कॉल्न या सूतगिरण्यांच्या गावातला. सक्तीची लष्करी नोकरी संपवून तो केंब्रिजला भूविज्ञान शिकायला आला आणि १९५१मध्ये पदवीधर झाल्यावर कीथ रंकॉर्न यांच्या हाताखाली लागला. त्याच उन्हाळ्यात तो स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर पोचला. तिथले टॉरिडोनियन वालुकाश्म सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे. रंग तांबूस. एवढं वय होऊनही कित्येक ठिकाणी थर जवळपास आडवेच आहेत, जणू काल रचले.

वाळूच्या खडकात चुंबकत्व येतं कुठून? पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवून ठेवतात, ते आठवा. सकाळी तळाशी गाळाचा थर बसलेला असतो. तलावात किंवा नदीच्या संथ पात्रात असाच गाळ बसतो तेव्हा त्यात लोहखनिजांचे बारीक कणही असतात. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकली चुंबकसूची. पाण्यातून उतरताना तो शक्य तितका उत्तर-दक्षिण वळतो. वरून आणखी गाळ येतो, दाब पडतो आणि कणाला हलायला जागा उरत नाही. दगड झाला की दिशा कोंडली गेली.

‘शक्य तितका’ हे शब्द मी मुद्दाम घातले. वाहत्या पाण्याचा रेटा कणाला भलतीकडे वळवतो. चपटे कण तळावर आडवे पडू पाहतात. शिवाय वालुकाश्मातलं हे चुंबकत्व लाव्ह्याच्या मानाने फारच क्षीण असतं. मग अर्व्हिंगने हा खडक घेतलाच का? एक कारण असं, की गाळाचा थर मुळात जवळपास आडवा बसतो. त्यामुळे पुढे कितीही उलथापालथ झाली तरी थराची पातळी बघून ‘त्या वेळी आडवं कुठलं होतं’ हे सांगता येतं. हे कळलं नाही तर दगडात कोंडलेली दिशा मोजून उपयोग शून्य. दुसरं कारण म्हणजे गाळ हळूहळू, थरावर थर असा साचतो. रोजनिशीसारखा.

क्षीण चुंबकत्व मोजायचं यंत्र कुठून आलं, त्याचीही गंमत आहे. मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांची एक कल्पना होती, की कुठलीही फिरणारी वस्तू केवळ फिरण्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. ती तपासायला त्यांनी सुमारे १५ किलो शुद्ध सोन्याचा दंडगोल उसना आणला आणि कमालीचं संवेदनशील चुंबकमापक बांधलं. एका बारीक तंतूला उलटसुलट दिशांनी लावलेली चुंबकं टांगलेली, त्यामुळे पृथ्वीच्या क्षेत्राचा परिणाम एकमेकांत मिटतो. जवळ दगडाची चकती आणली की तंतू किंचित पिळतो आणि आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका सरकतो. सोन्याने काहीच दाखवलं नाही. १९५२मध्ये ब्लॅकेट यांनी कल्पना फसल्याचं स्वच्छ लिहून टाकलं. सोनं परत गेलं, यंत्र उरलं आणि त्याच्याजवळ वाळूचे दगड येऊ लागले.

टॉरिडोनियनमधून निघालेली दिशा आजच्या उत्तरेशी अजिबात जुळत नव्हती. काही थरांत ती आग्नेयेकडे होती, काहींत नेमकी उलट, वायव्येकडे. उलटापालटीचा अर्थ होस्पर्समुळे माहीत होता. पण मुळात ही रेघ अशी तिरकी का? एक तर ध्रुव हलला असेल, नाहीतर स्कॉटलंडची जमीन तरी हलली असेल.

त्याआधी एक अडचण होती. वालुकाश्माचा तांबडा रंग हेमाटाइटचा. आपण तुळशीवृंदावनाला लावतो त्या गेरूतही तेच लोहभस्म असतं. हा रंग बऱ्याचदा वाळू बसल्यानंतर, झिरपत्या पाण्यामुळे चढतो. मग दगडातली दिशा वाळू बसली तेव्हाची की रंग चढला तेव्हाची? तांबड्या खडकांवरचं हे भांडण पुढे कित्येक वर्षं चाललं. निवाड्याची एक सुंदर युक्ती अमेरिकेच्या जॉन ग्रॅहम यांनी १९४९मध्ये सुचवली होती. जुना खडक फुटून त्याचे गोटे नव्या थरात अडकलेले असतात. गोटे गडगडत आले, म्हणजे त्यांची तोंडं दहा दिशांना असणार. त्यांचं चुंबकत्वही असंच विस्कटलेलं निघालं तर ते गडगडण्याआधीचं, म्हणजे पक्कं. सगळे गोटे एकाच दिशेकडे बोट दाखवू लागले तर ते मागाहून चढलेलं. मला ही चाचणी फार आवडते. चुंबकमापक हाताशी असलं की बाकी लागतो फक्त हातोडा, होकायंत्र आणि थोडी अक्कल.

अर्व्हिंगच्या डोक्यात मात्र आणखी एक गोष्ट होती. खंड सरकतात असं मांडणाऱ्या वेगेनरच्या नकाशात सर्वांत लांबचा प्रवास केलेला भूभाग कुठला? भारत. मग खंड खरंच सरकतात का हे बघायला भारतासारखी जागा नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर केंब्रिजलाच होते. गोलावर विखुरलेल्या दिशांची सरासरी कशी काढायची याचं गणित त्यांनी होस्पर्सच्या आकड्यांसाठी बसवलं आणि १९५३मध्ये छापलं. त्यांनी अर्व्हिंगची कल्पना उचलून धरली. भारतातून दख्खनच्या काळ्या कातळाचे नमुने मागवले गेले. हा लाव्हा, गाळ नव्हे. पण आपल्या पायाखालचाच दगड असल्याने थोडं थांबू.

टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवावर उभी आणि मधे तिरपी. तो कल सांगतो की आपण कुठल्या अक्षांशावर आहोत. सूत्र एका ओळीचं आहे: कलाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. सह्याद्रीच्या कातळात हा कल ढोबळमानाने ५० अंशांच्या आसपास निघतो, तोही दक्षिण गोलार्धातला. गणित केलं की अक्षांश येतो सुमारे ३० दक्षिण. आज तोच कातळ १८-१९ उत्तरेला आहे. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांत पाच हजार किलोमीटरहून जास्त वाटचाल. पुढे १९५९मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्याबरोबर दख्खनचं सविस्तर काम प्रसिद्ध केलं. त्यातूनही हेच चित्र पक्कं झालं.

आता परत अर्व्हिंगकडे. वाळू आणि कातळ दोन्हींवरचं आपलं काम घालून त्याने १९५४मध्ये प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो नापास केला! विषय इतका नवा, की तो पुरता समजणारे परीक्षक मिळाले नाहीत, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. ते खरं असेलही. विद्यार्थ्याला त्याचा काय उपयोग?

पीएचडी नसताना कॅनबेराच्या विद्यापीठात जॉन जेगर यांनी त्याला नोकरी दिली. दोन वर्षांत, १९५६ला, त्याने वेगवेगळ्या खंडांतल्या खडकांवरून काढलेले प्राचीन ध्रुव एकत्र मांडले. नुसता ध्रुव हलला असता तर सगळ्या खंडांनी एकच वाट दाखवली असती. वाटा वेगळ्या निघाल्या, म्हणजे खंडच एकमेकांपासून सरकले होते. गुरू रंकॉर्न सुरुवातीला खंडांच्या सरकण्याच्या विरोधात होते, तेही याच सुमारास वळले. ऑस्ट्रेलियात आणखी एक शोध लागला. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीपासून जवळपास पाच कोटी वर्षं क्षेत्र उलटंच राहिलं होतं. त्या दीर्घ काळाला अर्व्हिंग आणि पॅरी यांनी किआमा या किनारी गावाचं नाव दिलं.

१९६४मध्ये तो कॅनडात गेला आणि तिथलाच झाला. पुढे त्याने जे धाडस केलं, त्यात गाळाच्या खडकाचा जुना दोष पुन्हा डोकावतो. सगळे खंड एकत्र असतानाचा, पँजियाचा, नकाशा त्याने ध्रुवांवरून मांडला. अक्षांश तंतोतंत घेतले तर उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे खंड एकमेकांवर चढत होते. १९७७मध्ये त्याने सुचवलं की दक्षिणेकडचा गोंडवन गट तेव्हा सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पूर्वेला असावा. मग दक्षिण अमेरिकेचा वायव्य कोपरा उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला टेकतो. हाच ‘पँजिया-बी’.

हरकत घेणारे म्हणाले, चपटे कण आडवे पडतात, वर दाब पडून गाळ चेपतो, त्यामुळे दगडातला कल खऱ्यापेक्षा कमी दिसतो. कल कमी म्हणजे खंड विषुववृत्ताच्या जवळ दिसतात, दोन्ही बाजूंचे खंड आपसूक एकमेकांवर चढतात. दोष नकाशाचा नसून चेपलेल्या वाळूचा. १९५५मध्येच किंग यांनी प्रयोगशाळेत गाळ पुन्हा बसवून हा चेप मोजला होता. कित्येकदा कलाचा टॅन निम्म्याच्या आसपास येतो. बाजू घेणाऱ्यांनी लाव्ह्याचे आकडे पुढे केले, कारण लाव्हा असा चेपत नाही. वाद अजून मिटलेला नाही. माझा कल विरोधकांकडे आहे, कारण इतक्या मोठ्या सरकण्याला जी प्रचंड भंगरेषा लागेल, तिच्या खुणा जमिनीवर पटण्यासारख्या सापडत नाहीत. तरी अर्व्हिंगने आकडे गुळगुळीत करून घेतले नाहीत, याचं मला अप्रूप वाटतं.

२०१४मध्ये ब्रिटिश कोलंबियात तो वारला. त्याच्या आधी रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, वॉलस्टन पदक, बरंच काही झालं होतं. पीएचडी मात्र त्याने पुन्हा केली नाही. १९६५मध्ये त्याने छापलेले शोधनिबंध गोळा करून केंब्रिजला पाठवले आणि विद्यापीठाने त्याला एससी.डी. दिली. ही पीएचडीपेक्षा वरची पदवी.

पुढच्या आठवड्यात समुद्रतळाचा गाळ. तो अजून दगडही झालेला नाही.