कोपरारक्षकाचा हिशेब कोण ठेवणार?

कबड्डीचा सामना संपला की प्रेक्षकांच्या ओठांवर नाव असते ते चढाईपटूचे. एका दमात तीन गडी टिपून परतणारा खेळाडू सर्वांना दिसतो. पण अंतिम रेषेजवळ वाकून, प्रतिस्पर्ध्याच्या घोट्यावर नजर रोखून चाळीस मिनिटे उभा राहिलेला कोपरारक्षक मात्र सामन्याबरोबरच विस्मृतीत जातो. गुणफलकावर फक्त दोन आकडे उरतात. हे दोन आकडे कसे घडले, कोणाच्या संयमामुळे वाढले आणि कोणाच्या उतावीळपणामुळे घटले, याची नोंद त्यांत नसते.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतील तरुण एकत्र येतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला रवाना होतो. १९६१ मध्ये भारतीय विद्यापीठांच्या क्रीडा नियंत्रण मंडळाने कबड्डीचा आपल्या स्पर्धांत समावेश केला, तेव्हापासून ग्रामीण महाविद्यालयांतील मुलांसाठी ही एक महत्त्वाची वाट ठरली आहे. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे विद्यापीठाच्या संघात स्थान मिळणे वा न मिळणे हा अनेक घरांत केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी बचावपटूचे मोल कोणत्या मापाने करायचे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही.

अमेरिकेतील धडा

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये हा प्रश्न फार पूर्वीच उपस्थित झाला. तो फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पुढे घुसण्याचा खेळ. त्यात आक्रमक संघाच्या हातून चेंडू निसटून प्रतिस्पर्ध्याकडे गेला किंवा फेकलेला चेंडू बचावपटूने मधेच झेलला, तर त्याला ‘टर्नओव्हर’ म्हणतात. एकूण किती वेळा चेंडू हिरावला आणि किती वेळा गमावला, यांच्या वजाबाकीचा तक्ता तेथे प्रत्येक हंगामात प्रसिद्ध होतो. मात्र या तक्त्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, जमिनीवर पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल, यात दैवाचा वाटा मोठा असतो. म्हणून एका हंगामातील चांगला आकडा पुढच्या हंगामात टिकतोच असे नाही. दुसरी, झेल घेणाऱ्याचे नाव नोंदले जाते. परंतु पुढच्या फळीतील तीन किंवा चार धिप्पाड खेळाडूंनी फेक करणाऱ्यावर दडपण आणले नसते, तर ती फेक चुकलीच नसती. श्रेय एकाचे, कष्ट दुसऱ्याचे!

कबड्डीत चेंडू नाही. प्रतिस्पर्ध्याचा चढाईपटू हाच येथील चेंडू. त्याची पकड झाली की बचाव करणाऱ्या संघाला एक गुण मिळतो, बाद झालेला आपला एक गडी पुन्हा मैदानात येतो आणि समोरचा हुकमी खेळाडू बाहेर जाऊन बसतो. एका पकडीने सामन्याचे पारडे फिरते ते यामुळे.

सात जणांची रांग

बचावाची रचना मैदानाच्या मापांवरून ठरते. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा आणि ६.५ मीटरवर अंतिम रेषा असते. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र असते. झटापट सुरू झाली की तेही खेळाचा भाग बनते. या जागेत सात बचावपटू अर्धवर्तुळात उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांना लागून दोन साथीदार आणि मधोमध तिघे, अशी २-३-२ रचना सर्वत्र रूढ आहे. एक गडी बाद झाला की ती २-२-२ होते, आणखी एक गेला की २-१-२. हातात हात गुंफलेल्या या जोड्यांनाच साखळी म्हणतात.

कोपरारक्षक सर्वांत खोल उभा राहतो, त्याला कारण आहे. मैदानात सहा किंवा अधिक बचावपटू असताना चढाईपटूने बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून दुसरा पाय अधांतरी ठेवला, तर त्याला एक गुण मिळतो. तो पाय पुढे सरकतो त्या क्षणी घोटा पकडणे, हे कोपरारक्षकाचे मुख्य काम. शिवाय येथे साधे अंतराचे गणितही आहे. बोनस रेषेजवळ, म्हणजे मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर घोटा सापडलेला खेळाडू पालथा पडून हात कितीही लांबवला, तरी मध्यरेषेपर्यंत पोहोचत नाही. तीच पकड मध्यरेषेपासून दोन मीटरवर केली, तर पडता पडताच त्याची बोटे रेषेला लागतात आणि पकडणाराच बाद होतो. चढाईपटूला आत, आणखी आत येऊ देणे हे धैर्याचे आणि संयमाचे काम आहे.

पण घोटा धरणे म्हणजे पकड पूर्ण होणे नव्हे. चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये शरीराची भिंत उभी करावी लागते आणि ते काम मध्यरक्षकांचे. उजव्या कोपऱ्यात हात पडला की डाव्या बाजूच्या मध्यरक्षकाने क्षणार्धात वळून परतीची वाट बंद करायची. गुण मात्र सहसा पहिला हात घालणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो. अमेरिकेतील पुढच्या फळीची कथा येथे अशी पुन्हा घडते.

धोक्याचे अंकगणित

पकडीचा प्रयत्न कधी करावा? याचे उत्तर प्रशिक्षक अनुभवाने देतात. पण साध्या अंकगणितानेही ते तपासता येते. पकड साधली तर एक गुण मिळतो, फसली तर एक गुण जातो. म्हणजे एकट्याने केलेला प्रयत्न निम्म्याहून अधिक वेळा यशस्वी होत असेल, तरच तो फायद्याचा. मात्र साखळीतील दोघे एकदम तुटून पडले आणि चढाईपटू निसटला, तर दोन गुण जातात. मग दर तीन प्रयत्नांत दोनांहून अधिक यशस्वी व्हायला हवेत. तिघे गुंतले तर चारांत तीनांहून अधिक. साखळीचे बळ जितके वाढते, तितकी चुकीची किंमतही वाढते.

मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले की हे गणित पालटते. तेव्हाची यशस्वी पकड ही अव्वल पकड ठरते आणि तिला एकाऐवजी दोन गुण मिळतात. एकट्याने धोका पत्करायचा, तर तीनांत एकाहून अधिक वेळा मिळालेले यशही पुरते. परंतु उरलेले तिघेही एकाच झटापटीत सापडले आणि चढाईपटूने रेषा गाठली, तर तीन गुण आणि लोणाचे दोन, असे पाच गुण एका श्वासात जातात. तिघांनी मिळून केलेला असा प्रयत्न सातांत पाचांहून अधिक वेळा साधत असेल, तरच तो शहाणपणाचा.

प्रो कबड्डीमुळे परिचित झालेला तिसऱ्या, निर्णायक चढाईचा नियम तर बचावपटूच्या संयमाची खरी परीक्षा घेतो. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे बंधनकारक असते; न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. म्हणजेच तीस सेकंद स्वतःला वाचवत उभे राहिले, तरी बचाव करणाऱ्या संघाला गुण मिळतो. अशा वेळी टाळ्यांच्या मोहापायी पुढे झेपावणारा बचावपटू हातचा गुण घालवून वर प्रतिस्पर्ध्याला एक गुण बहाल करतो. येथे काहीही न करणे, हीच सर्वांत मोलाची कृती असते. आणि नेमकी तिचीच नोंद कोठे होत नाही.

आकडा बोलतो, पण अर्धेच

एका सामन्यात पाच पकडी करणाऱ्याला ‘हाय फाइव्ह’चा मान मिळतो. प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने पकडींचे १०० गुण मिळवले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणचा इराणी खेळाडू मोहम्मदरेझा शादलुई याने ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुण्याच्या संघाने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून प्रथमच विजेतेपद पटकावले. अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखालील त्या संघाला अंतिम सामन्यात २८ गुण पुरले, कारण प्रतिस्पर्ध्याला २५ च्या पुढे जाऊ दिले नाही.

तथापि, केवळ यशस्वी पकडींची बेरीज फसवी असते. समजा, एका बचावपटूने सामन्यात बारा प्रयत्न केले आणि पाच साधले. दुसऱ्याने चारच प्रयत्न केले आणि तीन साधले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नाव पहिल्याचे येईल. पण पहिल्याने पाच मिळवून किमान सात गमावले, म्हणजे संघाला दोनांचा तोटा झाला. दुसऱ्याने तीन मिळवून एक गमावला, म्हणजे दोनांचा नफा. फसलेले प्रयत्न लिहून ठेवल्याखेरीज हा फरक कळणार नाही.

याच्या उलट बाजूचेही भान हवे. विद्यापीठ स्पर्धेत एखाद्या संघाच्या वाट्याला मोजकेच सामने येतात. दहा प्रयत्नांत सहा पकडी करणारा खेळाडू चार पकडी करणाऱ्यापेक्षा श्रेष्ठच, असे तेवढ्यावरून ठरवता येत नाही. नाणे दहा वेळा उडवले, तरी सहा-चारचा फरक सहज पडतो. समोर कोणता चढाईपटू होता, मैदानात किती गडी होते, चढाई तिसरी होती का, हे सारे पाहावे लागते. आकड्याने डोळ्यांना मदत करावी. डोळ्यांची जागा घेऊ नये.

निवड चाचणीतही हीच मेख आहे. अनोळखी साथीदारांबरोबर खेळतानाही चढाईपटू दोन चढायांत आपले कसब दाखवू शकतो. कोपरारक्षकाला मात्र शेजारच्याची सवय लागते. त्याचा हात कधी सोडायचा, त्याने कधी ओढायचे, हे महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने जमते. बीडचा कोपरारक्षक आणि जालन्याचा मध्यरक्षक चाचणीच्या दिवशी प्रथमच शेजारी उभे राहिले, तर दोघेही आपल्या वकुबापेक्षा कमी दिसण्याची शक्यता अधिक. बचावपटू जोडीने पारखावेत, हे त्यावरचे साधे उत्तर आहे.

वही आणि पेन्सिल

यासाठी महागडे कॅमेरे वा संगणक लागतातच असे नाही. चाळीस मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून साधारण ऐंशी चढाया होतात. राखीव खेळाडूंपैकी एकाने वहीत प्रत्येक चढाईसमोर पाच गोष्टी लिहिल्या तरी पुरे : मैदानात किती बचावपटू होते, पहिला हात कोणी घातला, कोणत्या बाजूला, वाट कोणी अडवली आणि निकाल काय लागला. निर्णायक चढाई असेल तेथे एक खूण. संपूर्ण हंगामाची अशी वही साठली, की कोणती जोडी भरवशाची आणि कोणता खेळाडू उतावीळ, हे प्रशिक्षकाला आठवणीवर विसंबून सांगावे लागणार नाही.

या बारकाव्यांना किती मोल आहे, याची आठवण आशियाई स्पर्धा करून देतात. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघाला २०१८ मध्ये जकार्तात उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असे रोखले. त्याच स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला २७-२४ असे हरवले. त्या विजेत्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. पुढे हांगझाऊ येथे २०२३ मध्ये भारतीय महिलांनी सुवर्णपदक परत मिळवले, तेव्हा गुणफलक होता २६-२५. अवघा एक गुण! एक पकड साधली वा फसली, तर दोन गुणांचे अंतर पडते. आणि हा निकाल त्याहूनही कमी अंतराचा होता.

चढाईपटूच्या नावाचा जयजयकार यापुढेही होईल आणि तो व्हायलाही हवा. पण संघाची यादी लावताना, प्रमाणपत्रावर सही करताना आणि नोकरीसाठी शिफारस करताना त्या यादीत अंतिम रेषेजवळ उभ्या राहिलेल्या मुलाचे नाव असावे, असे वाटत असेल, तर आधी त्याच्या कामाची कोठेतरी नोंद असायला हवी. पन्नास पानांची एक वही तेवढ्याला पुरेशी आहे.